व्हिएन्नाचा खजिनदार आणि घरांची यादी

घरासाठी नाव घालून बसलेल्या माणसाच्या मनात दोनच प्रश्न असतात. माझा नंबर कितवा, आणि माझ्या पुढे जो आहे तो कशाच्या बळावर पुढे आहे? बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर काही वर्षे काढल्यामुळे हे मी खात्रीने सांगू शकते. कर्जाची चौकशी करायला आलेली माणसे पिशवीतून एकेक पावती काढून दाखवीत. कुठल्या सोडतीचा अर्ज, कुठल्या योजनेची अनामत, कुठल्याशा सहकारी संस्थेत भरलेले सभासदत्वाचे पैसे. दरवाजे चार, रांगा चार आणि चारही रांगांत तोच माणूस उभा. नाव लागले तर देवाची कृपा, नाही लागले तर पुढच्या वेळी पुन्हा. ज्याची नड मोठी त्याला आधी, हा हिशेब त्या पावत्यांत मला कधी दिसला नाही.

निवृत्तीनंतर एका कादंबरीच्या निमित्ताने पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपविषयी वाचत होते, तेव्हा ह्यूगो ब्राइटनर हे नाव भेटले. व्हिएन्ना म्हटले की आपल्याला मोझार्ट आठवतो, फ्रॉइड आठवतो. पण खुद्द व्हिएन्नात, भाड्याच्या घरात राहणाऱ्या सामान्य कुटुंबांच्या तोंडी जी नावे आजही असतात, त्यांत या ब्राइटनरांचे नाव येते. १९१९ ते १९३२ अशी तेरा वर्षे ते त्या शहराच्या तिजोरीचे प्रमुख होते. आणि त्याआधी ते होते बँकवाले. माझी उत्सुकता चाळवायला तेवढे पुरेसे होते.

त्यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८७३ चा, व्हिएन्नातलाच. घर ज्यू, वडील धान्याचे व्यापारी. व्यापारी शिक्षण घेऊन मुलगा लेंडरबँक या मोठ्या बँकेत चिकटला आणि पायरी पायरीने वर चढत संचालकपदापर्यंत पोहोचला. यात नवल नाही. हुशार कारकून वर चढतातच. नवल हे की चढताना त्यांनी खालच्यांचा हात सोडला नाही. बँक कर्मचाऱ्यांची संघटना उभी करण्यात ते पुढे होते. आपल्याकडे युनियनमध्ये काम केलेला माणूस व्यवस्थापनात गेला की दोन्हीकडचे लोक त्याच्याकडे संशयाने पाहतात, तसे तिथेही झाले असणार. १९१८ मध्ये साम्राज्य कोसळले, सम्राट गेला, आणि चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचे ब्राइटनर सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या बाजूने शहराच्या कारभारात उतरले. १९१९ मध्ये महापालिका त्या पक्षाच्या हाती आली आणि तिजोरीच्या किल्ल्या ब्राइटनरांच्या हाती.

त्या तिजोरीत होते काय, हा प्रश्नच होता. पाच कोटींच्या साम्राज्याची राजधानी एका रात्रीत साठ-पासष्ट लाखांच्या छोट्या देशाची राजधानी झाली होती. कोळसा नाही, दूध नाही, नोटांना किंमत नाही. आणि घरे नाहीत. १९१७ च्या पाहणीत असे दिसले होते की शहरातल्या शंभरातल्या ९२ घरांना स्वतःचे संडास नव्हते आणि ९५ घरांत पाण्याचा नळ नव्हता. मजल्यावरच्या बोळात एक नळ, त्याच्याभोवती बादल्या. ज्यांना तीही खोली परवडत नसे ते कॉट बेसिसवर राहत. हा आपल्या मुंबईचा शब्द, पण त्यांच्याकडे अशा माणसांसाठी खास शब्दच होता: बेटगेयर, म्हणजे नुसते झोपायला येणारा. रात्रपाळीचा कामगार सकाळी परतला की दिवसपाळीवाल्याची ऊब अजून गादीत असायची. गिरणगावातल्या खोल्यांत पाळीपाळीने झोपलेल्यांची नातवंडे हा लेख वाचत असतील. त्यांना अधिक सांगायला नको. क्षयाचे प्रमाण तर इतके होते की युरोपात त्या रोगाला व्हिएन्नाचा रोग असेच म्हणत.

आता यादीकडे येऊ.

महायुद्धाच्या काळातच सरकारने भाडी गोठवली होती आणि भाडेकरूला घराबाहेर काढायला बंदी घातली होती. त्यामुळे राहत्या माणसांना संरक्षण मिळाले, पण बाहेर उभ्या असलेल्यांचे काय? भाडे मिळेनासे झाल्यावर खासगी मालकांनी नवी घरे बांधणे थांबवले. मोकळी झालेली जागा ओळखीत जाई, नाहीतर हातात पैसे ठेवणाऱ्याला; आपल्या पागडीचीच ही बहीण. त्यावर १९१९ मध्ये एक कायदा आला. रिकामी पडलेली घरे, वापराविना ठेवलेली दुसरी घरे, अवाढव्य घरांतल्या जास्तीच्या खोल्या ताब्यात घेऊन गरजूंना देण्याचा अधिकार पालिकेला मिळाला. हा कायदा १९२५ अखेरपर्यंत टिकला आणि तेवढ्या काळात चाळीस हजारांहून अधिक जागा त्यातून मिळाल्या.

पण जागा मिळाली की पहिला प्रश्न, द्यायची कोणाला? दारात हजारो उभे. पालिकेच्या गृहखात्याने याचे उत्तर गुणांनी दिले. शाळेतल्या परीक्षेसारखे गुण, पण इथे जो अधिक अडचणीत त्याला अधिक गुण. लग्न होऊन किती काळ झाला, नवरा-बायको एकत्र राहतात की जागेअभावी दोघे दोन घरी, मुले किती, बायको गरोदर आहे का, घरात अपंग कोणी आहे का, सध्याची जागा ओल धरणारी आहे का, एका खोलीत किती माणसे झोपतात, दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू आहेत का, शहरात वास्तव्य किती वर्षांचे. प्रत्येक उत्तराला ठरलेले गुण. बेरीज करायची आणि अर्जदाराला तीन वर्गांपैकी एकात घालायचे: अत्यंत निकडीचा, निकडीचा आणि थांबू शकणारा. मालकाकडून ताब्यात घेतलेली खोली असो की पालिकेने नव्याने बांधलेले घर असो, दोन्हींसाठी पाहायची ती हीच यादी.

कर्जाच्या अर्जांची छाननी आयुष्यभर केलेली असल्याने या कोष्टकाकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहते. बँकेतही आम्ही गुण देत असू. पगार किती, नोकरी कायम आहे का, जामीनदार कोण, तारण काय. ज्याच्याजवळ आहे त्याला गुण, ज्याच्याजवळ नाही त्याचे गुण कापायचे. बँकेने दुसरे काय करावे, लोकांच्या ठेवी सांभाळायच्या असतात. पण त्याच पद्धतीचा कागद उलटा धरला की व्हिएन्नाची यादी तयार होते. नसलेल्या गोष्टींची बेरीज.

ही यादी ठेवण्याचे खाते ब्राइटनरांचे नव्हते. गृहखाते अँटोन वेबर नावाच्या सहकाऱ्याकडे होते, आरोग्य आणि समाजकल्याण यूलिउस टांडलर या नामांकित वैद्यकाकडे. तरी मी ही गोष्ट ब्राइटनरांची म्हणून सांगते आहे, त्याला कारण आहे. गुणपत्रक कितीही न्यायाचे असले तरी वाटायला घरेच नसतील तर तो निव्वळ कागद. आठ-नऊ गुणांची बाई दरमहा येऊन विचारणार आणि खिडकीतला कारकून मान हलवणार. सक्तीने ताब्यात घ्यायच्या जागा संपत आल्या होत्या, कायद्याची मुदतही संपणार होती. यादीला अर्थ आणायचा तर घरे बांधायला हवीत आणि घरांना पैसा हवा, आणि तो पैसा उभा करणे हे खजिनदाराचे काम.

१९२२ च्या आरंभी व्हिएन्ना हे स्वतंत्र राज्य झाले. ही बातमी रूक्ष वाटेल, पण त्यामुळे शहराला स्वतःचे कर बसवण्याचा अधिकार मिळाला, आणि ब्राइटनर त्याचीच वाट पाहत होते. त्यांनी हिशेब मांडला तो असा. भाडी गोठलेली आहेत, नोटांची किंमत गेली आहे, म्हणजे पूर्वी उत्पन्नाचा मोठा लचका तोडणारे भाडे आता जवळजवळ शून्यावर आले आहे. भाडेकरूच्या खिशात जे वाचले त्याचा एक अंश शहराने घ्यावा आणि त्याची घरे बांधावीत. १९२३ मध्ये घरबांधणी कर आला. आधार धरला युद्धापूर्वीच्या भाड्याचा. लहान खोलीला अगदी किरकोळ कर, आणि जागा जसजशी मोठी व महागडी तसतसा दर चढत जाणारा. सगळ्यात महागड्या अर्धा टक्का जागांकडून या कराच्या उत्पन्नाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग येई. कामगाराच्या खोलीवर जो कर होता तो त्याला जाणवला तरी बोचला नसणार. महाल-बंगल्यांना तो चांगलाच बोचला.

शिवाय चैनीवरचे कर होतेच. घरात नोकरचाकर ठेवले तर कर, मोटार ठेवली तर कर, घोड्यांच्या शर्यतींवर कर, नाटक-सिनेमा-नाचगाण्यांवर कर, उंची हॉटेलांतल्या खाण्यापिण्यावर कर. ब्राइटनर हे कर नुसते गोळा करून थांबत नसत, कुठला पैसा कुठे गेला ते लोकांना उघड सांगत. शाळकरी मुलांच्या दातांच्या दवाखान्याचा खर्च डेमेलसारख्या चार बड्या मिठाईवाल्यांच्या करातून चालतो, हे त्यांनी एकदा नावे घेऊन सांगितले होते. केक खाणारा एक आणि दात दुरुस्त होणारा दुसरा! जमाखर्चात एवढी विनोदबुद्धी मी तरी दुसऱ्या कोणा खजिनदारात पाहिली नाही.

आणि सर्वात महत्त्वाचे, घरे बांधायची ती कर्जावर नाही, चालू उत्पन्नातून. बँकेत आयुष्य काढलेला माणूस कर्जाला इतका का बिचकतो, असे मला आधी वाटले. नंतर लक्षात आले की कर्ज म्हणजे काय हे त्यांनाच नीट ठाऊक होते. कर्ज काढून घर बांधले की त्याचे व्याज भाड्यात शिरते, आणि भाडे चढले की यादीतला सगळ्यात वरचा माणूस, ज्याला सगळ्यात जास्त गुण आहेत तोच, घर नाकारून परत जातो. कराच्या पैशाने बांधलेल्या घराचे भाडे फक्त डागडुजी आणि देखभालीपुरते घेता येते. व्हिएन्नाच्या पालिका-घरांचे भाडे कामगाराच्या उत्पन्नाच्या साधारण चार टक्के एवढेच होते.

हे समजायला मुंबईचेच एक उदाहरण आहे, आणि ते नेमके त्याच वर्षांतले आहे. १९२० मध्ये गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायचा संकल्प होता. पैसा उभा केला मुख्यतः कर्जरोख्यांतून, जोडीला कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. सुमारे १६,००० खोल्या, प्रत्येकी १६० चौरस फूट, संडास सामाईक. आणि शहरात माणसे दाटीवाटीने राहत असताना या खोल्यांपैकी पुष्कळ सुरुवातीला रिकाम्या पडून राहिल्या, कारण ते भाडे गिरणी कामगाराला झेपत नव्हते. पुढे त्याच चाळींत तीन-चार पिढ्या वाढल्या, सण-उत्सव झाले, चळवळी झाल्या, ते वेगळे. असो.

व्हिएन्नाने १९२३ मध्ये पाच वर्षांत २५,००० घरांचे वचन दिले होते, ते मुदतीआधीच पुरे झाले. १९२७ मध्ये आणखी ३०,००० ठरली. १९३४ पर्यंत आकडा साठ हजारांच्या वर गेला होता आणि शहरातल्या साधारण दर दहा माणसांत एक जण पालिकेच्या घरात राहत होता. घरे लहानच, पहिल्या काळात ३८ किंवा ४८ चौरस मीटरची. पण दाराच्या आत संडास, आत पाणी, स्वयंपाकाला गॅस आणि प्रत्येक खोलीला उजेड देणारी खिडकी. मधे मोठे अंगण. इमारतीतच धुणीघर, बालवाडी, वाचनालय. १९३० मध्ये खुल्या झालेल्या कार्ल मार्क्स होफ या वसाहतीत १,३८२ घरे आहेत. इमारत किलोमीटरभर लांब, पण बांधकाम जमिनीच्या जेमतेम पंचमांशावर, बाकी झाडे आणि हिरवळ. नळावर बादली घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला पहिल्यांदा घरातला नळ सोडताना काय वाटले असेल, हे लिहायला कादंबरीच हवी.

सगळेच सुरळीत होते असे मात्र नाही. व्हिएन्नात वास्तव्याला गुण होते, त्यामुळे नव्याने आलेला परका मागे पडे. पक्षाचे सभासदत्व असले की यादीत पाय पुढे सरकतो, अशी विरोधकांची कायमची तक्रार होती. ती सरसकट खोटी होती असे मला वाटत नाही. एकाच पक्षाच्या हाती वर्षानुवर्षे कारभार असला की अशी वाट पडतेच. शिवाय एक फट होती. युद्धानंतर भुकेल्या लोकांनी शहराच्या कडेला माळरान बळकावून स्वतःच्या हातांनी घरे आणि भाजीचे वाफे केले होते. त्यांच्या सहकारी संस्था झाल्या. पालिकेने त्यांना जमीन दिली, पैसा दिला, सभासदांनी शेकडो तास श्रमदान केले. पण सहकारी घर मिळायचे ते संस्थेच्या सभासदाला. म्हणजे एक रांग पालिकेच्या खिडकीशी आणि दुसऱ्या रांगा संस्थांच्या दाराशी. ज्याच्या अंगात ताकद आणि हाताशी वेळ, तो दुसऱ्या रांगेत उभा राही. आजारी विधवेला पहिलीच.

श्रीमंतांच्या रागाचे केंद्र अर्थातच ब्राइटनर होते. करांनाच लोक ब्राइटनर कर म्हणू लागले. ते स्वतः अबोल, हिशेबी, भाषणबाजीपासून दूर राहणारे गृहस्थ, पण भित्तिपत्रकांवर राक्षस म्हणून त्यांचेच चित्र. त्यात ते जन्माने ज्यू, मग काय विचारता. १९३० मध्ये हाइमवेअर या निमलष्करी संघटनेचा पुढारी श्टारहेम्बेर्ग याने भर सभेत त्यांचे शिर धुळीत लोळवण्याची भाषा केली. घराघरात नळ पोहोचवणाऱ्या माणसाचे शिर! दरम्यान जगात मंदी आली, केंद्र सरकारने शहराच्या वाट्याचे उत्पन्न कापले, बांधकाम मंदावले. १९३२ च्या अखेरीस प्रकृतीच्या कारणावरून ब्राइटनरांनी पद सोडले. त्यांच्या जागी आले रोबेर्ट डानेबेर्ग.

फेब्रुवारी १९३४ मध्ये चार दिवस यादवी झाली. सरकारी तोफांनी कार्ल मार्क्स होफवर मारा केला. पालिका बरखास्त झाली, ब्राइटनरांना अटक झाली. साठीला टेकलेल्या, आजारी माणसाने पद सोडल्यावर वर्षा-सव्वा वर्षाने तुरुंग पाहिला. पुढे सुटका झाली, पण त्या शहरात त्यांना काही काम उरले नव्हते.

१९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि त्यानंतर जे घडले ते या यादीच्या गोष्टीतले सर्वात काळे पान आहे. पालिकेच्या घरांत कोण राहते, कुठल्या जिन्यावर, कुठल्या दाराआड, हे सगळे पालिकेच्या दप्तरात नीट लिहिलेले होते. ज्या पालिकेने गुण मोजून घरे दिली तिच्याच कचेरीतून त्या उन्हाळ्यात ज्यू भाडेकरूंना घर सोडण्याच्या नोटिसा निघाल्या. कारण एकच, आर्यवंशीय नसणे. सुमारे दोन हजार कुटुंबांना बाहेर काढले गेले. त्यांतले किती जण पुढे छळछावण्यांत संपले याचा शोध इतिहासकारांनी नंतर घरागणिक घेतला आहे. ज्यांनी काही वर्षांपूर्वी ओल्या भिंतींचे आणि खोकणाऱ्या पोरांचे गुण मिळवून ती दारे उघडली होती, त्यांना एका वेगळ्या रकान्यातल्या एका शब्दाने रस्त्यावर आणले. नोंदवही तीच, फक्त आता ती दुसऱ्याच माणसांच्या हातात होती. डानेबेर्ग १९४२ मध्ये आउशविट्झला मारले गेले.

ब्राइटनर तोवर परागंदा झाले होते. इटली, फ्रान्स आणि अखेर अमेरिका. कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट या छोट्या गावी, संत्र्यांच्या उन्हात, व्हिएन्नाच्या थंडीची सवय असलेला हा म्हातारा माणूस युद्ध संपण्याची वाट पाहत होता. युद्ध संपले, व्हिएन्नाची पालिका पुन्हा त्यांच्या पक्षाकडे आली. पण परतणे झाले नाही. ५ मार्च १९४६ रोजी ते तिथेच वारले. पुढे त्यांच्या अस्थी व्हिएन्नाला आणून झिमरिंगच्या दाहगृहाच्या बागेत, टांडलर यांच्या शेजारी ठेवल्या. शहराच्या पेन्झिंग भागात युद्धानंतर बांधलेल्या, हजाराहून अधिक घरांच्या पालिका वसाहतीला त्यांचे नाव आहे.

व्हिएन्ना महापालिकेकडे आज सुमारे २,२०,००० घरे आहेत आणि शहरातले जवळपास निम्मे लोक पालिकेच्या किंवा सरकारी मदतीने बांधलेल्या संस्थांच्या घरांत राहतात. त्या दोन रांगांचे काय झाले, हे मी मुद्दाम शोधून पाहिले. २०१५ पासून शहरात एकच सल्ला-कचेरी आहे. तिथे एकदा नाव नोंदवले, गरज तपासली गेली की एक घर-तिकीट मिळते, आणि त्या एका तिकिटावर पालिकेच्या घरासाठीही नंबर लागतो आणि ना-नफा संस्थांच्या घरांसाठीही. संस्थांना शहराची मदत घेऊन बांधलेल्या नव्या घरांपैकी एक तृतीयांश घरे या सामाईक यादीतल्या लोकांना द्यावी लागतात. उरलेल्या दोन तृतीयांशांची यादी संस्था अजूनही आपापली ठेवतात.